पाठीवरचा गबदू

एका जंगलात एक अस्वलीण राहत होती. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. जंगलाचं नाव सांगितलं की आठवड्याभरात तिथे रिसॉर्ट निघतं.

मुलांनो, नीट बसा. हाताची घडी, तोंडावर बोट. मागच्या रांगेत ज्यांना टक्कल पडलंय त्या मुलांनीसुद्धा. आणि तो मोबाइल दप्तरात ठेवा, गोष्ट संपेपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

तर त्या अस्वलिणीचं नाव झिपरी. तिला एक पिल्लू होतं, त्याचं नाव गबदू.

अस्वलांमध्ये एक जुनी रीत आहे. पिल्लू चालायला लागलं तरी आई त्याला पाठीवर घेऊनच फिरते. पिल्लू आईचे केस मुठीत घट्ट धरून बसतं. आई वारुळं उकरते, बोरं झोडपते, नाला ओलांडते, शेजाऱ्यांशी भांडते, सगळं पिल्लू पाठीवर घेऊन. गबदू गुहेत दुडूदुडू धावायचा. पण बाहेर पडायची वेळ झाली की झिपरी दारात वाकायची आणि गबदू वर चढायचा. गुहेबाहेरच्या जमिनीला त्याचा पाय लागलेला नव्हता.

याला कारण होतं. गबदू अगदी तान्हा असताना वाटेत वाघ आला होता. झिपरी पळाली नाही. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि अशी ओरडली की वाघाला एकाएकी दुसरं काम आठवलं. जाता जाता त्याने तिच्या नाकावर एक पंजा ओढला. त्याचा व्रण अजून होता. पाठीवर गबदू लटकलेला होता, त्याला काहीसुद्धा झालं नाही.

तेव्हापासून झिपरीला रोज भीती वाटायची. "खाली वाघ असतो," असं ती गबदूला सांगायची. गबदूला वाटायचं, आईच्या पाठीखाली जी काही जागा असते तिलाच वाघ म्हणतात.

दोघांचं बरं चाललं होतं. मग जंगलात शिक्षण आलं.

पूर्वी पिल्लं आपोआप मोठी व्हायची. पण आपोआप होणाऱ्या गोष्टीचं प्रमाणपत्र मिळत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मग नाल्याकाठी टिटवीबाईंनी बालवाडी काढली. टिटवीबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. ती पाय वर करून झोपते. आभाळ कोसळलं तर आपल्या पायांवर झेलता यावं म्हणून. अशा बाईंना शिक्षण क्षेत्रात फार मान असतो. टिटवीबाई जाग्या असतानाही आभाळावरच नजर ठेवून असायच्या. खाली काय चाललंय ते त्यांना हजेरीपुरतं कळायचं.

शेजारच्या बिळात साळू नावाची साळिंदरीण राहायची. तिचा मुलगा काट्या बालवाडीत दुसऱ्या वर्षाला होता. एक दिवस ती मुद्दाम झिपरीच्या दारात आली.

"गबदूचं काय ठरवलंयस गं?" साळूने विचारलं.

"कशाचं?"

"अगं, बालवाडीचं! जांभळं पिकली की शाळा सुरू. आणि गेटवर जो रडला, तो परत. त्याची जागा दुसऱ्याला जाते, याचं वर्ष वाया. बालवाडी नाही तर नदीपलीकडची मोठी शाळा नाही. मोठी शाळा नाही तर मग बस वारुळं उकरत."

"आम्ही वारुळंच तर उकरतो," झिपरी म्हणाली.

"तेच ना!" साळू म्हणाली. "आमचा काट्या बघ. डोळे उघडल्यापासून एकटा राहतो. कुणी जवळ घेतच नाही त्याला."

गबदू रडणार, हे झिपरीला माहीत होतं. एकदा तो घसरून तिच्या पाठीवरून पोटाकडे आला होता, तर जागा बदलली म्हणून दुपारभर रडला होता.

ती टिटवीबाईंकडे गेली आणि सूचनापत्रक घेऊन आली. ते सागाच्या पानावर लिहिलेलं होतं. पान मोठं होतं, तरी सूचना मावल्या नव्हत्या, म्हणून खाली दुसरं पान टाचलेलं होतं. मथळा होता, 'घरी करून घ्यावयाची तयारी'.

बाळाने आईविना तीन तास राहावे. बाळाने रंग ओळखावेत. शू लागल्यास सांगावे. होऊन गेल्यावर सांगू नये. डबा आपला आपण उघडावा व संपवावा. डब्यात मध देऊ नये, दात किडतात. एक बडबडगीत हावभावांसह यावे. शाळेच्या वेळेत बाळाने आईशी बोलू नये, सवय मोडत नाही. मोजणीसाठी शंभर खडे आणावेत. आणि सगळ्यात शेवटी: बाळ रुळेपर्यंत आईस वर्गात बसण्याची मुभा राहील.

आई वर्गात बसणार तर बाळ आईविना कसं राहणार, असं तुमच्यातला एक जण हळूच विचारतोय. त्याने उठून कोपऱ्यात उभं राहावं. सूचना पाळायच्या असतात, एकाशेजारी एक ठेवून वाचायच्या नसतात.

झिपरीने पान गबदूच्या बाबांना दाखवलं. ते मोहाच्या झाडाखाली आडवे पडले होते. मोहाची फुलं सरून दोन महिने झाले होते, पण बाबांची अजून उतरली नव्हती.

"अहो, वाचा हे. गबदूची तयारी घ्यायचीय."

बाबांनी पान उलटं धरून वाचलं. "आम्ही कुठे गेलो होतो बालवाडीत? काय अडलं आमचं?" असं म्हणून ते उठले आणि झाडावर आदळले.

"निदान खडे तरी तुम्ही आणा," झिपरी म्हणाली.

बाबांनी खडे आणले. खडा केवढा असावा हे पानावर लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे अस्वलाच्या पंजात मावेल तेवढा एक, असे शंभर आले. ते ठेवायला झिपरीने पळसाच्या सालीचं दप्तर विणलं आणि त्याला वेलीचे दोन पट्टे लावले. दप्तर भरल्यावर तिने उचलून पाहिलं. ते बरोबर गबदूएवढं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. तयारी घरी करून घ्यायची, असं पानावर स्पष्ट होतं. आता गबदूचं घर कोणतं? जिथे तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत असायचा ते. त्यामुळे सगळी तयारी पाठीवरच झाली.

"गबदू, हा रंग कोणता?"

"काळा."

"बरोबर. आणि हा?" झिपरीने जांभळाकडे बोट दाखवलं.

गबदूचं नाक नेहमीसारखं तिच्या मानेच्या केसांत खुपसलेलं होतं. जन्मल्यापासून त्याने समोर दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. "काळा," तो म्हणाला. ते एक जांभूळ सगळ्यांच्या आधी पिकलेलं होतं, म्हणून तेही बरोबर धरलं.

डबा उघडायचं त्याला लवकर जमलं. डब्यातले अर्धे मुंगळे झिपरीच्या मानेवर सांडायचे, पण संपवायचा सगळं. शूचं मात्र जमेना. तो सांगायचा, पण झिपरीच्या पाठीला ते आधीच कळलेलं असायचं. "सांगतोय ना, हे महत्त्वाचं," असं म्हणून ती नाल्यात जाऊन बसायची.

बडबडगीत तिने स्वतःच रचलं:

वारूळ वारूळ, दार उघड,
मुंगीताई, बाहेर पड.
लाल मुंगी चावली का?
नाकाला आठवण झाली का?

गबदू ते हावभावांसह म्हणायचा. हावभाव तिला दिसत नव्हते. पाठीवर काहीतरी थयथयतंय, एवढं कळायचं.

राहिली पहिली सूचना. आईविना तीन तास. झिपरीच्या घशाखाली दोन दिवस वाळवी उतरली नाही. गबदूला खाली ठेवायचं? खाली? नाकावरचा व्रण ठणकायला लागला. तिसऱ्या दिवशी तिने मन घट्ट केलं.

"गबदू, आई चालली हं," ती म्हणाली आणि चार पावलं पुढे गेली.

गबदूही गेला. जाणारच. तो पाठीवर होता.

"गबदू, आई दिसते का तुला?"

गबदूने नीट पाहिलं. समोर केस होते. "नाही."

"रडू येतंय?"

"नाही."

"शाब्बास!"

झिपरीला स्वतःचंही आश्चर्य वाटलं. तिलाही गबदू दिसत नव्हता आणि तिलाही रडू येत नव्हतं. एवढंसं होतं तर आपण उगाच घाबरलो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला सोडून सागापर्यंत गेली. मग नाल्यापर्यंत. मग टेकडी ओलांडून पलीकडच्या रानात जाऊन, पोटभर तेंदूची फळं खाऊन, तीन तासांनी परत आली. गबदू तिच्याविना तीन तास राहिला आणि त्याने हूं की चूं केलं नाही.

साळू बिळाच्या तोंडाशी बसून हे बघत होती. "अगं झिपरे, पण तो तुझ्या पा—"

"तुझा काट्या राहिला होता का कधी टेकडी ओलांडेपर्यंत?" झिपरीने विचारलं.

साळूचे काटे उभे राहिले. ती बिळात गेली आणि तिने दार लावून घेतलं. पुढे नऊ महिने तिने या बाबतीत तोंड उघडलं नाही. शेजाऱ्याचं भलं व्हावं म्हणून खरं बोलायचं म्हटलं, तरी त्यालाही काही मर्यादा असतात.

शेवटी न बोलण्याचा सराव झाला. झिपरी विचारायची, "गबदू, आहेस का रे?" आणि गबदूने उत्तर द्यायचं नाही. तो गप्प राहिला की ती पंजा मागे नेऊन त्याला थोपटायची. आठ दिवसांत गबदू इतका तयार झाला की तो पाठीवर आहे की नाही हे फक्त वजनावरून कळे.

जांभळं पिकली. शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी गेटवर काय आकांत होता म्हणून सांगू! वानरीच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू दोघी जणी ओढत होत्या आणि ते निघत नव्हतं. सशिणीची आठ पिल्लं आठ सुरांत रडत होती. मोराचं पिल्लू रडत नव्हतं, पण त्याची आई रडत होती, म्हणून तेही परत पाठवलं गेलं.

"पुढचं!" टिटवीबाई आभाळाकडे बघत ओरडल्या. "गबदू झिपरी अस्वल! बाळाची आई, लांब जा बघू. त्या पळसामागे. इथून दिसता कामा नये."

झिपरी पाठीवर गबदू आणि हातात दप्तर घेऊन पळसामागे गेली. टिटवीबाईंनी कान देऊन ऐकलं. गेटपाशी पूर्ण शांतता होती. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. कुणी रडलं नाही.

"या परत!" टिटवीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "इतक्या वर्षांत गेटवर साधं मुसमुसलंही नाही असं हे पहिलं बाळ. घरी तयारी कोण घेतं?"

"मीच, बाई."

"दिसतंच आहे," टिटवीबाई आभाळाला म्हणाल्या. त्यांनी गबदूच्या नावापुढे 'उत्तम' लिहिलं.

मायलेक वर्गात गेले. बसायला जागा पुरेना, म्हणून झिपरीला मागच्या कुंपणाला टेकून बसवलं. गबदू कुंपण आणि आई यांच्यामध्ये आला. कुंपणाला तिथे एक भोक होतं.

"ज्याचं दप्तर त्याच्या ताब्यात द्या," टिटवीबाई म्हणाल्या.

झिपरीने न बघता दप्तर मागे सरकवलं. गबदूने ते घेतलं. मग बाईंनी बडबडगीत घेतलं, ते त्याला येत होतं. रंग घेतले, तेही येत होते. सगळं घरी झालेलं होतं. गबदूला आयुष्यात पहिल्यांदा कंटाळा आला. कंटाळा आला म्हणून त्याने मान वळवली, आणि कुंपणाच्या भोकातून त्याला एक वारूळ दिसलं. लाल मातीचं, उंच, ताजं. ते काळं नव्हतं.

आता बघा हं. त्याने दप्तराचे पट्टे आईच्या खांद्यांवरून अलगद अडकवले. मग तो मुठीतले केस एकेक करून सोडत गेला आणि घसरून खाली आला. आईच्या पाठीवरचं ओझं होतं तेवढंच राहिलं. गबदू भोकातून बाहेर गेला.

तुम्ही पाहिलंत. तिने नाही पाहिलं. सांगू नका कुणी.

बाहेर गबदू जमिनीवर उभा राहिला. ही जमीन म्हणजेच वाघ, असं त्याला वाटत होतं. त्याने एक पाय आपटून पाहिला. वाघ काही बोलला नाही. मग तो वारुळाकडे गेला आणि त्याने आत नाक घातलं. लाल मुंग्या कडकडून चावल्या. गबदू मोठ्याने रडला. बघायला कुणीच नव्हतं, म्हणून लवकर थांबला. त्याने नाक पुसलं आणि या वेळी पंजा घातला.

तीन तासांनी शाळा सुटायची घंटा झाली. गबदू भोकातून आत आला आणि दप्तरावर चढून बसला.

झिपरी उठली ती वाकलीच. "बाई गं!" ती म्हणाली. "सकाळी एवढं जड नव्हतं." मग तिच्या लक्षात आलं. पहिल्याच दिवशी एवढं शिकवलं!

असं रोज व्हायला लागलं. बाकीच्या आया चार दिवस बसल्या आणि गेल्या. झिपरी राहिली. हजेरीला टिटवीबाई "गबदू!" म्हणायच्या. गबदू उत्तर द्यायचा नाही. पोरगं शिस्तीचं आहे, हे झिपरीला ठाऊक होतं, म्हणून तीच "हजर" म्हणायची. पटावर एक अस्वल होतं आणि वर्गात एक अस्वल होतं. हिशेब जुळत होता.

दर शनिवारी टिटवीबाई विचारायच्या, "रुळलं का बाळ?"

"अजून बोलत नाही, बाई."

"मग बसा आणखी आठवडाभर."

मधल्या सुट्टीत झिपरी डबा मागे धरायची. कुणी घ्यायचं नाही. अन्न वाया जायला नको म्हणून ती स्वतः खायची. 'डबा संपवते बाळ', अशी बाईंनी नोंद केली. खडे मोजायची वेळ आली की ती मागे हात घालून एकेक काढायची आणि मोजून परत ठेवायची. चित्र रंगवताना पोरं रेघेबाहेर जायची, झिपरी कधी गेली नाही. शू लागली की ती बोट वर करायची. हळूहळू तिला तिथे आवडायला लागलं. खरं सांगायचं तर बालवाडी फार चांगली गोष्ट आहे, फक्त तिथे लहानपणी जावं लागतं ही एक अडचण आहे.

"पाठ वाकली गं तुझी," साळू एकदा न राहवून म्हणाली.

"अभ्यास वाढलाय," झिपरी म्हणाली.

बाहेर गबदूही वाढत होता. आधी वारूळ फोडायला शिकला, मग उकरायला, मग त्यात फुंकर मारून मुंग्या ओढून घ्यायला. पावसात चिखलावरून घसरायला शिकला. मग झाडावर चढायला. पहिल्या फांदीवरून तो चार वेळा पडला आणि पाचव्या वेळी पडला नाही. रंगही त्याला कळले. मोराच्या मानेला कोणता रंग म्हणतात ते मात्र सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तो नुसताच बघत बसायचा.

थंडीत एक दिवस वाघ आला.

गबदूने तो आधी ओळखलाच नाही. तो जमिनीसारखा अजिबात दिसत नव्हता. पण वास आला आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली. तो झाडावर चढला. वाघ खाली येऊन बसला. त्याला घाई नव्हती. अस्वलाचं पिल्लू किती वेळ फांदीला धरून राहील याचा त्याला अंदाज होता. गबदूचे पंजे फांदीवरून निसटायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला मुठीत आईचे केस हवेसे वाटले.

त्याच वेळी कुंपणाच्या आत प्राण्यांच्या आवाजांचा तास चालू होता.

"ससा कसा करतो?" टिटवीबाईंनी विचारलं. ससा काहीच करत नाही, म्हणून सगळे गप्प बसले.

"चिमणी कशी करते?" पोरांनी चिवचिवाट केला.

"आणि वाघ दिसल्यावर अस्वल कसं ओरडतं?"

झिपरीला उत्तर येत होतं. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि ओरडली.

सागाची पानं गळाली. बेडूक नाल्यात पडले. बाहेर वाघाच्या कानात तो आवाज गेला आणि त्याला ओळख पटली. त्या आवाजाशी त्याचा एकदा संबंध आलेला होता. पुन्हा येऊ नये अशी त्याची इच्छा होती. तो उठला आणि दुसऱ्या कामाला निघून गेला.

"छान," टिटवीबाई म्हणाल्या आणि त्यांनी झिपरीच्या पंजावर चांदणीचा शिक्का मारला.

त्या दुपारी गबदू लवकर येऊन दप्तरावर बसला. घरी जाईपर्यंत त्याने आईची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. झिपरीला वाटलं, पोर दमलंय.

मग मोह फुलला आणि शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मोहाच्या झाडाखालीच मंडप होता, त्यामुळे गबदूचे बाबा पहाटेपासून पहिल्या रांगेत हजर होते. साळू आली होती. सगळं जंगल आलं होतं. टिटवीबाईंनी पळसाच्या पानांवर प्रमाणपत्रं लिहिली होती.

"यंदाचं पहिलं बाळ!" टिटवीबाई आभाळाकडे बघत ओरडल्या. "हजेरी पूर्ण. डबा पूर्ण. आवाजाच्या तासाला चांदणी. गबदू झिपरी अस्वल! बाळाने स्वतः पुढे येऊन प्रमाणपत्र घ्यावे."

टाळ्या झाल्या. झिपरीचा ऊर भरून आला. ती पुढे गेली, मंचासमोर वाकली आणि म्हणाली, "उतर रे राजा."

पाठीवर काही हललं नाही.

"उतर. आता बोललास तरी चालेल."

काही नाही. तिने पाठ हलवली. वेलीचे पट्टे नऊ महिन्यांत जीर्ण झाले होते. ते तुटले. दप्तर धप्पकन पडलं आणि शंभर खडे मंडपभर गडगडत गेले. एक बाबांच्या पायावर पडला. ते शुद्धीवर आले.

झिपरीने पंजा मागे नेला. पाठ मोकळी होती. तिथे वारा लागत होता.

मुलांनो, इथे हसू नका. मी हसत नाहीये. झिपरीला एवढंच दिसलं, की खाली वाघ असतो आणि गबदू खाली कुठेतरी आहे. ती खडे तुडवत, खुर्च्या उलथत गेटबाहेर धावली आणि कुंपणाला वळसा घालून मागे गेली.

तिथे झाडावर एक अस्वल बसलं होतं. चांगलं हाडापेराने मोठं, अंगावर सुकलेला चिखल, तोंडाला मध. झिपरीने त्याला ओळखलं नाही. तिने आपल्या मुलाला उजेडात लांबून कधी पाहिलेलंच नव्हतं.

"आई," ते अस्वल म्हणालं, "आज लवकर सुटली का तुझी शाळा?"

"गबदू! कधी उतरलास तू?"

"पहिल्या दिवशी."

"आणि बोलला नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, शाळेच्या वेळेत आईशी बोलायचं नाही."

"अरे, वाघ आला असता तर!"

"आला होता," गबदू झाडावरून उतरत म्हणाला. "मी वर चढलो. मग तू आतून ओरडलीस आणि तो गेला."

झिपरीने आपल्या पंजाकडे पाहिलं. चांदणीचा शिक्का पुसट झाला होता, पण होता.

गबदू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो जवळजवळ तिच्या खांद्याला लागत होता. त्याने तिच्या नाकावरच्या व्रणाकडे बघितलं. तोही तो समोरून पहिल्यांदाच बघत होता.

"आई, इतके दिवस मी दिसत होतो का तुला?"

"नाही," झिपरी म्हणाली.

"रडू आलं?"

"नाही."

"शाब्बास!" गबदू म्हणाला आणि त्याने पंजा लांब करून तिला पाठीवर थोपटलं.

त्यासरशी झिपरी रडायला लागली. वळसा घालून दोघं गेटपाशी आले तरी ती रडत होती. गेटला धरून, तोंड वर करून, भोकाड पसरून रडत होती. नऊ महिन्यांचं सगळं एकदम आलं. गबदू शेजारी उभा राहून वाट बघत होता.

मंडपात टिटवीबाईंनी कान टवकारले. नजर आभाळावरून हलवली नाही.

"गेटवर कोण रडतंय?" त्या ओरडल्या. "परत पाठवा त्याला. पुढच्या वर्षी बघू!"

आणि त्यांनी गबदूच्या नावापुढचं 'उत्तम' खोडून टाकलं.

घरी जायची वेळ झाली. झिपरी सवयीने वाकली. गबदूने तिच्याकडे पाहिलं, मग रिकामं दप्तर उचलून तिच्या पाठीवर ठेवलं आणि तो पुढे चालायला लागला. झिपरी त्याच्या मागून निघाली. थोडं पुढे गेल्यावर गबदूने मागे वळून विचारलं, "आई, आहेस का गं?"

ती काही बोलली नाही. तिला तसंच शिकवलेलं होतं.

तात्पर्य: बालवाडीत जाण्यापूर्वी घरी कसून तयारी करून घ्यावी. तयारी कच्ची राहिली तर वर्ष वाया जाते, आणि आईला पुन्हा त्याच वर्गात बसावे लागते.